घर हलले, दवाखाना मागे राहिला

गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या उमरोळीची वस्ती फार बदलली. १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली आणि वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही स्टेशने मुंबईकरांच्या घरशोधात आली. शेतांच्या जागी चाळी उठल्या, चाळींच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या. तिथे राहायला आलेल्यांत आपले समाजबांधव पुष्कळ आहेत. विहारात वंदनेला नवीन चेहरा दिसला की आम्ही विचारतो, “कुठून आलात?” उत्तर बहुतेक एकच असते, “मुंबईची खोली गेली.”

ही खोली जाण्याच्या तऱ्हा अनेक. कुणाची रस्त्यात गेली, कुणाची रेल्वेच्या हद्दीत. कुणी झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत अपात्र ठरला. कुणाला फ्लॅट मिळाला, पण मेंटेनन्स, वीजबिल आणि लिफ्टचा खर्च झेपेना, म्हणून तो विकून इकडे आला. कुणाच्या वडिलांना एक घर मिळाले आणि तीन भावांपैकी दोघे बाहेर पडले. सरकारच्या कागदावर यांतल्या कुणाचेही उमरोळीत पुनर्वसन झालेले नाही. कागदावर ते मुंबईतच आहेत, नाहीतर कुठेच नाहीत.

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून आम्ही दुसराही प्रश्न विचारतो. “ताई, शुगरची गोळी कुठून घेता?” कुणी सांगते, “अजून मुंबईच्याच दवाखान्यातून. केसपेपर तिकडेच आहे.” तिथवर जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, त्यात प्रवास. म्हणून महिन्याची गोळी दोन महिने पुरवली जाते. कुणी खाली बघून सांगते, “खोली सोडली तेव्हापासून बंद आहे.” आमचे म्हणणे या उत्तरातून निघाले आहे. गरिबाचे घर हलवताना सरकार भिंती मोजते, चौरस फूट मोजते, पुरावे मोजते. त्या घराला बांधलेली उपचाराची साखळी मात्र कुणी मोजत नाही. ती तुटली तर मिळालेले घरही माणसाला आजारी पाडते.

आरोग्याच्या नावानेच सुरुवात झाली होती

गरिबांची घरे हलवण्याचा मुंबईतला पहिला मोठा कार्यक्रम आरोग्याच्याच नावाने सुरू झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, हवा-उजेड येईल असे रस्ते काढायचे आणि कामगारांसाठी चाळी बांधायच्या, हा त्याचा उद्देश. पण पाडापाडी पुढे धावली आणि बांधकाम मागे राहिले. उठवलेली माणसे कामाची जागा सोडून दूर जाऊ शकत नव्हती. ती शेजारच्या जुन्या चाळींत कोंबली गेली आणि एका ठिकाणची दाटी दुसऱ्या ठिकाणी गेली.

याच ट्रस्टच्या परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब कित्येक वर्षे दोन खोल्यांत राहिले. त्या संसारात रमाईंनी चार लेकरे गमावली. बाबासाहेबांच्या घरावर हे दुःख आले ते त्या काळच्या गरीब कामगार वस्तीत घरोघरी होते. म्हणून राहती जागा आणि आरोग्य यांचा संबंध आपल्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. तो आपल्या घरातला इतिहास आहे.

माहुलने काय शिकवले

अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण माहुलचे आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशाने हटवल्या गेल्या आणि हजारो कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुलमध्ये पाठवले गेले. घरे पक्की होती, मोफत होती. पण वसाहतीच्या शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या होत्या. माहुल आणि आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला हवेच्या प्रदूषणाचा धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटले होते. तरीही माणसे तिथे पाठवली गेली. दम, त्वचेचे विकार, क्षयरोग यांच्या तक्रारी वाढल्या. कामाच्या जागा दूर गेल्या, मुलांच्या शाळा दूर गेल्या.

माहुलच्या लोकांनी २०१८ साली विद्याविहारला रस्त्यावर बसून आंदोलन केले आणि न्यायालयातही लढा दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की लोकांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. ज्यांना दुसरीकडे जायचे आहे त्यांना महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्या, असा आदेश झाला. हा निकाल आपण जपून ठेवावा. घर दिले म्हणजे जबाबदारी संपली, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. माणूस त्या घरात निरोगी जगू शकतो का, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला.

दुसरे उदाहरण मानखुर्द-गोवंडीचे. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत हटवलेल्या कुटुंबांना तिथल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. दोन इमारतींमध्ये अंतर इतके कमी की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथे अभ्यास केला. जिथे इमारती चिकटून आहेत, ऊन-वारा येत नाही, तिथे क्षयरोगाचे रुग्ण अधिक आणि खालच्या मजल्यांवर त्याहून अधिक, असे आढळले. क्षयरोगाचे जंतू उन्हात फार टिकत नाहीत आणि वाहत्या हवेत विरळ होतात. बंद, अंधाऱ्या खोलीत ते तासन्‌तास हवेत राहतात. म्हणजे खिडकी हीसुद्धा औषध आहे आणि त्या वसाहतींचा नकाशा काढणाऱ्यांनी ते औषधच काढून घेतले.

यात एकट्या बिल्डरचा दोष नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी हेक्टरी किमान ५०० घरांची अट होती. घरात पाच माणसे धरली तर एका एकरात एक हजार माणसे. श्रीमंतांच्या वस्तीत जास्तीत जास्त किती घरे, याची मर्यादा असते. गरिबांच्या बाबतीत कमीत कमी किती दाटी करायची, याचा नियम होता.

रमाबाई नगरकडे लक्ष ठेवा

आता घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरचा पुनर्विकास सुरू आहे. ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जण जिथे शहीद झाले, तीच ही वस्ती. पूर्व मुक्तमार्ग ठाण्याकडे नेण्याच्या रस्त्याची आखणी येथून जाते. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि एमएमआरडीए मिळून रमाबाई नगर व कामराज नगरातील १६ हजारांहून अधिक झोपड्यांचा प्रकल्प राबवत आहेत. लोकांना त्याच जागी घर मिळणार, ही चांगली गोष्ट आहे. माहुलसारखे दूर फेकणे नाही, हे मोकळेपणाने मान्य करू.

पण इमारत उभी राहीपर्यंतची वर्षे ही माणसे कुठे राहणार? घरात पाच माणसे धरली तर ही ८० हजार लोकांची वस्ती होते. शहरी भागात ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, असा राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष आहे. त्या हिशेबाने दीडहून अधिक आरोग्य केंद्रांची माणसे भाड्याच्या खोल्या शोधत विखुरतात. हातात येणाऱ्या भाड्यात घाटकोपरला खोली मिळाली तर बरे, नाहीतर मिळेल तिथे, लोकल जाईल तिथवर. भाड्याचा धनादेश कुणाला मिळाला याची नोंद प्राधिकरणाकडे असते. त्यांच्यात क्षयरोगाचे उपचार चालू असलेले किती, गरोदर किती, डायलिसिसवर किती, लसीकरण अर्धवट राहिलेली बालके किती आणि ती आता कुठे आहेत, अशी यादी धनादेशाच्या यादीसोबत व्हायला हवी.

आपल्या भागाचा अनुभव

विस्थापन आपल्याकडे मुंबईतूनच येते असे नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. मासेमारीवर जगणारा माणूस समुद्रापासून दूर गेला की त्याच्या ताटातला मासाही जातो. विकत घेतलेल्या मासळीचे प्रमाण कमी, म्हणजे मुलांच्या वाट्याचे प्रथिन कमी. हे नुकसान भरपाईच्या तक्त्यात कुठे लिहिलेले नसते.

आणि मुंबईतून सुटून माणूस येतो तो कुठे? आमच्या एका बाजूला पालघर, दुसऱ्या बाजूला बोईसर. बोईसरला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात ती देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होती. माहुलची हवा सोसवत नाही म्हणून निघालेले कुटुंब तारापूरच्या वाऱ्याखाली स्वस्त खोली घेते. खोली स्वस्त का आहे, हे विचारण्याची सोय गरिबाला नसते.

पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा झाला. तरी रुग्ण गंभीर झाला की वापी, वलसाड, सिल्वासा नाहीतर मुंबई, ही धावपळ आजही चालू आहे. आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. पण ही लोकसंख्या जनगणनेची धरतात आणि २०११ नंतर आलेल्या इमारती त्या आकड्यात नाहीत. नवीन चाळीतला भाडेकरू आशाताईंच्या वहीत कित्येकदा नसतोच. तो मतदार मुंबईचा, रेशनकार्ड मुंबईचे, आजार मात्र उमरोळीचा.

घर हलले की काय काय तुटते

पहिले तुटते ते घरच्या बाईचे काम. झोपडीच्या आसपास चार घरची धुणीभांडी, दारात भाजीची टोपली, शिलाईचे मशीन, यांवर तिचा स्वतःचा पैसा होता. तो पैसा बंद झाला की पहिली काटछाट तिच्याच औषधाची होते. मग तिच्या ताटाची. रक्तक्षय असलेली बाई आणखी फिकट होते आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरे तुटते कमावत्या माणसाचे शरीर. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटर आहे आणि उमरोळी त्याच्याही बरीच पुढे. पहाटे निघायचे, रात्री परतायचे. झोप कमी, जेवण अवेळी, गर्दीत उभ्याने प्रवास. रक्तदाब आणि मधुमेह वाढायला याहून वेगळे काही लागत नाही. अंगदुखीवर कुणी गोळी घेतो, कुणी दारू. पंचशीलातले पाचवे शील मोडणाऱ्याला आम्ही बोलतो आणि बोलूच, पण त्याचे पाच-सहा तास रोज कोण खाते, तेही बघू.

तिसरी तुटते ती औषधाची सवय. क्षयरोगाचे साधे उपचार सहा महिन्यांचे. मध्ये खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग उपचार लांबतात आणि घरातल्या मुलांनाही धोका होतो. एचआयव्ही, मिरगी, मानसिक आजार, थायरॉईड, सगळ्यांचे तसेच. हे रुग्ण निष्काळजी नसतात. त्यांचा ओळखीचा दवाखाना मागे राहिलेला असतो.

चौथे तुटतात ते शेजारी. झोपडपट्टीत रात्री छातीत दुखले तर भिंतीवर हात मारला की माणूस यायचा. बाळंतिणीला डबा पोहोचायचा. महिला मंडळ, जयंतीची समिती, विहाराची वाचनखोली, या सगळ्यांनी माणूस बांधलेला असायचा. सातव्या मजल्यावर बंद दाराआड बसलेल्या आजीला गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही आणि लिफ्ट बंद असते. तिचे नातू म्हणतात, आजी हल्ली बोलत नाही. एकटेपण हेही दुखणे आहे.

झोपडी बरी होती, असे आमचे म्हणणे नाही

कुणी म्हणेल, मग काय झोपडीतच राहायचे? मुळीच नाही. गटाराच्या कडेचे जगणे आम्ही पाहिले आहे. सार्वजनिक शौचालयाची रांग, रात्री अंधारात जाणाऱ्या मुली, पावसाळ्यात घरात शिरणारे पाणी, त्यातून लेप्टो, कावीळ, डेंग्यू. घरात नळ आणि संडास असणे ही आपल्या भगिनींसाठी मोठी मुक्ती आहे. पक्क्या घराचा हक्क आम्ही सोडणार नाही. आमचा आग्रह एवढाच आहे की पुनर्वसन यशस्वी झाले का, हे किल्ल्या किती वाटल्या यावरून न ठरवता, वर्षभराने त्या घरातली माणसे पूर्वीपेक्षा निरोगी आहेत का, यावरून ठरावे.

याला संविधानाचा आधार आहे. लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे अनुच्छेद ४७ सांगतो. उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात मान्य केले. तो खटला मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा होता. आणि आवाज उठवला तर फरक पडतो, हेही दिसले आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातील पुनर्वसनाबद्दल बाधितांनी जागतिक बँकेकडे तक्रारी केल्या, तेव्हा बँकेने मार्च २००६ मध्ये प्रकल्पाच्या काही भागांचा निधी काही महिने रोखला होता.

आमच्या मागण्या

ज्या वस्तीला उठवायचे तिथे घरांच्या सर्वेक्षणाबरोबर आरोग्याची नोंद व्हावी आणि चालू उपचार असलेला एकही रुग्ण पुढच्या दवाखान्याशी जोडल्याशिवाय हलवू नये. संक्रमण काळात कुटुंब ज्या जिल्ह्यात गेले तिथल्या आरोग्य विभागाला त्याची माहिती जावी. नवीन वसाहतीत लोक राहायला येण्याआधी दवाखाना, अंगणवाडी आणि रेशनचे दुकान सुरू व्हावे. इमारतींमधील अंतर आणि खालच्या मजल्यावरचा उजेड यांची तपासणी आरोग्य अधिकाऱ्याने करावी आणि त्याच्या सहीशिवाय ताबा देऊ नये. आणि आमच्या पालघर जिल्ह्यात आरोग्य केंद्रांचा हिशेब जुन्या जनगणनेवर न करता आजच्या वस्तीवर व्हावा. विरार-डहाणू मार्गाचे चौपदरीकरण होत आहे. म्हणजे वस्ती आणखी वाढणार आहे. दवाखाना रुळांच्या मागून येऊन चालणार नाही.

तोवर आपण काय करायचे

सरकार जागे होईपर्यंत हातावर हात धरून बसता येणार नाही. उमरोळी, पालघर, बोईसर, सफाळे येथील विहारांनी एक साधी वही घालावी. नवीन कुटुंब आले की नाव, कुठून आले, घरात चालू औषध कुणाचे, गरोदर कोण, पाच वर्षांखालील मुले किती, एवढे विचारून ती माहिती कुटुंबाच्या संमतीने आशाताईंना द्यावी. एचआयव्ही किंवा क्षयरोगाची गोष्ट चारचौघांत विचारू नये. विश्वासातल्या एका उपासिकेकडे हे काम असावे.

नवीन आलेल्या बंधू-भगिनींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. क्षयरोगाच्या रुग्णाचा निक्षय क्रमांक देशभर चालतो. तो दाखवून उपचार जवळच्या सरकारी केंद्रात बदलून घेता येतात. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात, बँक खात्याची माहिती बरोबर आहे का ते पाहावे. बाळाचे लसीकरण कार्ड आणि गरोदरपणाचे कार्ड कुठल्याही सरकारी केंद्रात चालते, नाव त्या गावचे नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. एक देश एक रेशनकार्ड योजनेत मुंबईच्या कार्डावर इथले धान्य मिळू शकते, आधार जोडलेले असावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सांभाळून ठेवा. जुन्या दवाखान्याचा केसपेपर, रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटे खोली सोडताना सगळ्यात आधी पिशवीत भरा, भांडी नंतर. आणि नवीन खोली घेताना पाणी बोअरचे आहे की नळाचे, ते तपासले आहे का, हे घरमालकाला विचारायला लाजू नका.

तथागतांनी भिक्खूंसाठी जे चार प्रत्यय सांगितले त्यांत चीवर आणि पिंडपाताच्या पाठोपाठ शयनासन आणि गिलानपच्चय येतात. राहण्याची जागा आणि आजारपणातले औषध. सर्वस्वाचा त्याग केलेल्या माणसालाही या दोन गोष्टी हव्यातच, असे ज्या धम्माने मानले, त्या धम्माच्या लोकांनी संसारी माणसाच्या बाबतीत त्यांची ताटातूट का सोसावी? आजारी, एकट्या पडलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतले आणि अंथरुणावर निजवले. मग संघाला सांगितले की तुम्हीच एकमेकांचे आई-बाप आहात. आपल्या शेजारच्या चाळीत गेल्या महिन्यात आलेल्या कुटुंबाचे आई-बाप आता आपणच आहोत. येत्या रविवारी वंदना झाल्यावर त्यांचे दार वाजवा आणि विचारा, गोळ्या चालू आहेत ना?

जयभीम! नमो बुद्धाय!